आम्ही, आपण आणि अर्धविराम

प्रोलॉग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला प्रश्न विचारला की ती एक उत्तर देते आणि थांबते. कर्सर त्याच ओळीच्या टोकाला लुकलुकत राहतो. एंटर दाबलं तर विषय तिथेच मिटतो. अर्धविराम दाबला तर ती आल्या पावली मागे फिरते, दुसरी वाट जिथे फुटत होती त्या फाट्यापर्यंत जाते आणि दुसरं उत्तर घेऊन येते. सगळ्या वाटा चालून झाल्यावरच नाही म्हणते.

मी ही भाषा शिकायला घेतली ती एका टोचणीपायी. एका भाषेतला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नेण्याचं काम मी नोकरीत बरीच वर्षं केलं होतं. ते काम नीट कसं करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पुस्तकांत वडील-मुलगा, आजोबा-नात अशा नात्यांची उदाहरणं होती. ती मी टंकली, चालवली, पुढे गेले. ज्या रात्री ही भाषा मला खरोखर उमगली, त्या रात्री मी फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या:

जोडी(आम्ही, वी).
जोडी(आपण, वी).

हे देवनागरीत असंच्या असं चालतं. एक अडचण येते. प्रोलॉगमध्ये चल, म्हणजे ज्याची किंमत अजून ठरायची आहे ते नाव, मोठ्या अक्षराने सुरू करतात, आणि आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. मग अधोरेखेने सुरुवात करायची. मी विचारलं, जोडी(आम्ही, _इ). उत्तर आलं, ‘वी’. एकच. आता उलटं विचारलं, जोडी(_म, वी). उत्तर आलं, ‘आम्ही’. कर्सर थांबला. मी अर्धविराम दाबला.

‘आपण’.

उलट जाण्यासाठी मी वेगळं काहीच लिहिलं नव्हतं. त्याच दोन ओळी पुढून वाचल्या तर मराठीचं इंग्रजी होत होतं आणि मागून वाचल्या तर इंग्रजीचं मराठी. मागून वाचताना जे पुढून जाताना सांडलं होतं ते दिसत होतं. जाताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक गळून पडला होता, आणि येताना प्रोलॉग दोन्ही शब्द समोर ठेवून म्हणत होती, यातला कुठला ते तूच सांग.

मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. मला सोलापूर आठवत होतं.

माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. यंत्रमागांचा खटखटाट बंद पडला तरच झोप मोडावी अशी ती वस्ती. आमच्या वाड्यात तीन भाषा नांदायच्या. आम्ही मराठी, शेजारचं कुटुंब तेलुगू पद्मशाली, आणि वाड्याच्या मालकीणबाई कन्नड. त्यांना सगळे अज्जी म्हणत. शेजारच्या अक्का ओट्यावर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि मी त्यांच्याजवळ बसून गृहपाठ करायचे. भाषा कुणी कुणाला शिकवल्या नाहीत, त्या ओट्यावरच कानात पडल्या.

मुलांना एका गोष्टीचं फार महत्त्व असतं, आपल्याला बरोबर नेणार की नाही. अक्का म्हणाल्या ‘मनं’, की मी पायात चपला सरकवायचे, कारण त्या ‘आपण’मध्ये मी होते. अक्का म्हणाल्या ‘मेमु’, की मी ओट्यावर बसून राहायचे. ते ‘आम्ही’ होतं, त्यांच्या घरचं. मराठी आणि तेलुगू या दोघींत ही सोय आहे, त्यामुळे मराठीतून तेलुगूत जाताना काही सांडत नाही. अज्जींच्या कन्नडमध्ये मात्र दोन्हींना एकच शब्द, ‘नावु’. अज्जी म्हणाल्या, नावु देवळाला जातोय, की मी त्यांच्या तोंडाकडे बघत विचारायचे, “मीपण?”

तो प्रश्न विचारायचा असतो हे मला सहाव्या-सातव्या वर्षी कळत होतं. नोकरीला लागले तेव्हा मात्र मी ते विसरले होते.

पुण्यात मी नोकरी धरली तोवर वाय-टू-केची, म्हणजे २००० साल लागताना संगणकांतल्या तारखा बिघडू नयेत म्हणूनची, धावपळ ओसरून काही वर्षं झाली होती, पण त्या धावपळीने एक गोष्ट सगळ्यांना दाखवून दिली होती. जगाचे हिशेब अजून कोबोलमध्ये बसलेले आहेत. १९५९ साली या भाषेची आखणी सुरू झाली आणि त्यानंतर तिच्यात लिहिलेले प्रोग्रॅम चाळीस-चाळीस वर्षं रोज रात्री चालत राहिले. आमच्याकडे एका वित्तसंस्थेचं काम आलं. जुनं कोबोल सोडून जावामध्ये जायचं. कन्व्हर्जन प्रोजेक्ट. त्यासाठी एक हत्यार विकत घेतलेलं होतं. कोबोलची ओळ आत टाकायची, जावाची ओळ बाहेर. निघालेला कोड अंगाने जावा असायचा आणि चालीने कोबोल. या धंद्यात त्याला जोबोल म्हणतात.

मग आला पॅरलल रन. जुनी आणि नवी यंत्रणा एकाच दिवसाचा हिशेब शेजारी शेजारी करतात आणि दोन्हींचे आकडे जुळवून बघतात. आमचे जुळत नव्हते. फरक रुपयांचा नव्हता, पैशांचा होता. एखाद्या खात्यावर एक पैसा. हजारो खात्यांवर एक पैसा.

कारण सापडायला दोन आठवडे गेले आणि सापडल्यावर ते एका ओळीत मावलं. समजा १,२५० रुपयांवर ३.७५ टक्के व्याज काढायचं आहे. उत्तर ४६.८७५. कोबोलमध्ये ज्या जागेत हे उत्तर ठेवायचं ती जागा प्रोग्रॅमरने आधीच आखलेली असते, दशांशचिन्हानंतर दोनच घरं. तिसरा आकडा मावत नाही, म्हणून तो सरळ कापला जातो आणि ४६.८७ उरतात. पूर्णांकन हवं असेल तर ‘राउंडेड’ असा शब्द स्पष्ट लिहावा लागतो. आमच्या हत्याराने काढलेल्या जावात मात्र सगळीकडे पूर्णांकन होत होतं. ४६.८८.

जुन्या कोडमध्ये काही ठिकाणी ‘राउंडेड’ होतं, काही ठिकाणी नव्हतं. म्हणजे ज्याने ते लिहिलं त्याला फरक माहीत होता. कुठे कापायचं आणि कुठे वर न्यायचं हे त्याने विचारपूर्वक ठरवलेलं होतं आणि तो निर्णय त्याने एका शब्दाच्या नसण्यात ठेवला होता. नसलेल्या शब्दाचंही भाषांतर करावं लागतं, हे मी तिथे शिकले. मराठीत आपण कर्ता गाळतो, ‘येतो’ एवढंच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कोण येतो ते कळतं. इंग्रजीत नेताना तो गाळलेला कर्ता परत आणून उभा करावा लागतो. तसंच हे.

प्रोजेक्ट संपला. टोचणी राहिली. बऱ्याच वर्षांनी प्रोलॉग हाताशी आली तेव्हा तिच्या जन्माची हकिगत वाचून मला वाटलं, आपण योग्य दारात आलो आहोत.

प्रोलॉगचा उगम भाषांतराच्या घरातला आहे. आलाँ कोलमेरोअर हा फ्रेंच संशोधक १९६७ ते १९७० या काळात मॉन्ट्रियल विद्यापीठात यांत्रिक भाषांतराच्या प्रकल्पावर काम करत होता. त्यासाठी त्याने ‘क्यू-सिस्टिम्स’ नावाची नियम लिहिण्याची पद्धत तयार केली. पुढे तिच्याच आधारावर ‘मेतेओ’ नावाची यंत्रणा उभी राहिली. कॅनडातली हवामानाची वार्तापत्रं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेण्याचं काम ही यंत्रणा वर्षानुवर्षं रोजच्या रोज करत होती. पाऊस, वारा, बर्फ, तापमान, एवढंच तिचं जग. जग लहान होतं म्हणून भाषांतर नेमकं होत होतं. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते.

कोलमेरोअर फ्रान्सला परतला, मार्सेयमध्ये. तिथे फिलिप रुसेल त्याच्याबरोबर होता. एडिंबराहून रॉबर्ट कोवाल्स्की येऊन गेला, आणि तर्कशास्त्रातलं सिद्धतेचं यंत्र आणि भाषेचं व्याकरण या दोन गोष्टी एकत्र आल्या. १९७२ साली प्रोलॉग उभी राहिली. ‘तर्कातून प्रोग्रॅमिंग’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो संक्षेप, आणि तो सुचवला रुसेलच्या पत्नीने. त्या काळच्या त्यांच्या प्रोग्रॅमला फ्रेंचमध्ये काही वाक्यं सांगितली होती. प्रत्येक मनोविकारतज्ज्ञ हा माणूस असतो. तो ज्याला तपासतो तो माणूस आजारी असतो. जाक हा मार्सेयमधला मनोविकारतज्ज्ञ आहे. मग विचारलं, जाक माणूस आहे का? हो. जाक कुठे आहे? मार्सेयमध्ये. जाक आजारी आहे का? माहीत नाही.

ते तिसरं उत्तर मला पहिल्या दोन उत्तरांपेक्षा मोलाचं वाटतं. आमच्या विकतच्या हत्याराला ‘माहीत नाही’ म्हणता येत नव्हतं. त्यामुळे ते प्रत्येक ओळीला काहीतरी एक उत्तर द्यायचं.

मी घरी, रात्री जेवणं उरकल्यावर, एक छोटा भाषांतरकार लिहायला घेतला. सी या भाषेचा एक छोटा तुकडा आणि पायथॉन या भाषेचा एक छोटा तुकडा. बेरीज-वजाबाकी, अटी, फेरे, एवढंच. मेतेओसारखं लहान जग. मधे एक झाड ठेवायचं, ज्यात प्रोग्रॅमचा अर्थ फांद्याफांद्यांनी मांडलेला असेल. एका बाजूने सीचा मजकूर आणि झाड यांचं नातं सांगायचं, दुसऱ्या बाजूने झाड आणि पायथॉनचा मजकूर यांचं. प्रोलॉगमध्ये व्याकरण लिहायची एक सुरेख रीत आहे. फर्नांडो परेरा आणि डेव्हिड वॉरन यांनी १९८० साली ती शोधनिबंधात मांडली. त्या रीतीने एक नियम असा दिसतो:

वजा(उणे(_क, _ख)) --> पद(_क), [-], वजा(_ख).

वाचायचं असं: एक पद, मग वजाचं चिन्ह, मग पुन्हा एक वजाबाकी, असं दिसलं तर त्याचं झाड म्हणजे ‘उणे’, आणि त्याच्या दोन फांद्या. मजकूर दिला तर झाड मिळतं. झाड दिलं तर मजकूर मिळतो. मी मजकूर दिला, झाड घेतलं, तेच झाड परत देऊन मजकूर मागितला. जसाच्या तसा परत आला. मला अतिशय आनंद झाला. तो दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी मी झाडावरून प्रत्यक्ष किंमत काढणारा तुकडा जोडला आणि नऊ वजा चार वजा तीन करून बघितलं. उत्तर यायला हवं दोन. आलं आठ. वरचा नियम पुन्हा वाचा. उजवीकडे आधी चारमधून तीन जातात, एक उरतो, आणि मग नवातून एक जातो. आपण वजाबाकी डावीकडून करतो, माझ्या नियमाने ती उजवीकडून बांधली होती. आणि मजकूर परत नीट आला होता, कारण जाताना केलेली चूक येताना त्याच नियमाने तशीच्या तशी उलगडली गेली. गेली आणि परत आली, म्हणून वाट बरोबर आहे असं मी धरून चालले होते. एकाच चुकीवर एकमत असलेल्या दोन माणसांचं बोलणंही असंच बिनतक्रार चालू राहतं. तिसरा कुणी प्रत्यक्ष पैसे मोजायला बसेपर्यंत.

मग नियम डावीकडून लिहावा, तर दुसरीच अडचण. ‘वजाबाकी म्हणजे आधी एक वजाबाकी, मग चिन्ह, मग पद’ असं लिहिलं की मजकूर वाचताना प्रोलॉग वजाबाकी शोधायला आधी वजाबाकी शोधते, ती शोधायला आधी वजाबाकी, आणि एक अक्षरही न वाचता खोल उतरत जाते. गंमत अशी की झाडाकडून मजकुराकडे येताना हाच नियम अडकत नाही. प्रत्येक पायरीला झाड लहान होत जातं आणि शेवटी पान हाती लागतं. एकच नियम, एका दिशेने अथांग, दुसऱ्या दिशेने सरळ. ‘दोन्ही बाजूंनी चालतं’ असं जे पुस्तकं म्हणतात ते तर्काच्या पातळीवर खरं, यंत्र मात्र पावलं टाकत जातं आणि पावलांना क्रम असतो. यावर उपाय आहे. आधी विचारून झालेला प्रश्न वहीत टिपून ठेवायचा आणि तोच पुन्हा आला तर नव्याने उतरायचं नाही. याला टेबलिंग म्हणतात, आणि अमेरिकेत स्टोनी ब्रूकला तयार झालेल्या एक्सएसबी या प्रोलॉगने ते रुळवलं. तिथल्या प्रमुख संशोधकाचं नावही डेव्हिड वॉरनच. एडिंबराचा वॉरन वेगळा, हा वेगळा. सुरुवातीला मी दोघांचे निबंध एकाच माणसाचे समजून वाचत होते.

एडिंबराच्या वॉरनने १९८० सालीच आणखी एक निबंध लिहिला, तर्क-प्रोग्रॅमिंगने कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम, कसे लिहावेत यावर. हा माणूस बोलत होता ते अनुभवाने, कारण १९७७ साली त्याने प्रोलॉगचा कंपायलर प्रोलॉगमध्येच लिहिला होता. त्या निबंधातली एक युक्ती मला इतकी आवडली की मी ती घरात सगळ्यांना समजावून सांगितली. कंपायलरला ‘अट खोटी असेल तर पुढे अमुक ठिकाणी उडी मार’ असा हुकूम लिहायचा असतो, पण ते अमुक ठिकाण अजून तयारच झालेलं नसतं. पुढचा सगळा कोड लिहून झाल्यावरच त्याचा पत्ता कळणार. मग करायचं काय? पत्त्याच्या जागी एक रिकामा चल ठेवून पुढे जायचं. पुढे पत्ता कळला की तो चल भरतो, आणि जिथे जिथे तो ठेवला होता तिथे तिथे एकाच वेळी भरतो. मागे जाऊन दुरुस्ती करावी लागत नाही.

मुलीला सांगताना मी म्हटलं, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. माणूस अजून चढलेला नाही, तिकीट काढलेलं नाही, पण जागा धरली गेली. माणूस आला की रुमाल उचलून बसतो.

पायथॉनकडून सीकडे येताना मला हा रुमाल फार उपयोगी पडला. सीमध्ये प्रत्येक नावाचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो, हा पूर्णांक, हा अपूर्णांक, ही अक्षरांची माळ. पायथॉनमध्ये तसं बंधन नाही. एखादं नाव पहिल्या ओळीत येतं तेव्हा त्याचा प्रकार कळत नाही. मी तिथे रुमाल टाकते. पंधरा ओळींनंतर त्या नावाची तुलना अक्षरांच्या माळेशी होते, आणि त्या क्षणी वरच्या पंधरा ओळींतल्या सगळ्या रिकाम्या जागा भरतात. प्रोग्रॅमच्या शेवटपर्यंत कुणी आलंच नाही, तर रुमाल तसाच राहतो आणि माझा भाषांतरकार मला विचारतो, हिचा प्रकार कुठला?

सगळं इतकं सरळ सुटत नाही. भागाकार घ्या. सीमध्ये उणे सातला दोनाने भागलं तर उत्तर उणे तीन, शून्याकडे झुकणारं. १९९९ च्या प्रमाणकानंतर हे सीमध्ये पक्कं झालं, त्याआधी ते कंपायलरवर सोडलेलं होतं. पायथॉनचा पूर्णांक-भागाकार खाली झुकतो आणि उणे चार देतो. बाकी विचारली तर सी म्हणते उणे एक, पायथॉन म्हणते एक. दोघींचा आपापल्या घरातला हिशेब चोख आहे. उणे तीन गुणिले दोन, त्यात उणे एक, उणे सात. उणे चार गुणिले दोन, त्यात एक, उणे सात. चूक होते ती एकीचा भागाकार दुसरीच्या बाकीशेजारी बसवल्यावर. आणि सगळे आकडे धन असतात तोवर ही चूक दिसतच नाही. आमच्या टेस्ट केसेसमध्ये सगळे आकडे धन असायचे.

किंवा फेरा घ्या. सीच्या ‘फॉर’मध्ये सुरुवात, अट आणि पुढचं पाऊल एकाच कंसात लिहितात. पायथॉनचा ‘फॉर’ वेगळ्या जातीचा, म्हणून सीचा फेरा ‘व्हाइल’मध्ये न्यायचा आणि ते पाऊल फेऱ्याच्या तळाशी लिहायचं, असं कुणीही करील. मीही केलं. मग एका फेऱ्यात ‘कंटिन्यू’ आलं, म्हणजे उरलेलं सोडून पुढच्या फेरीला लाग. सीमध्ये असं सोडलं तरी पाऊल टाकलं जातंच. माझ्या ‘व्हाइल’मध्ये पाऊल तळाशी होतं, ‘कंटिन्यू’ने त्याच्या आधीच वळण घेतलं, आणि प्रोग्रॅम एकाच आकड्यावर रात्रभर फिरत राहिला. आता माझ्याकडे दोन नियम आहेत. फेऱ्याच्या पोटात ‘कंटिन्यू’ असेल तर प्रत्येक ‘कंटिन्यू’च्या आधीही ते पाऊल लिहायचं आणि तळाशीही. नसेल तर फक्त तळाशी. विशेष नियम आधी, सर्वसाधारण नियम नंतर. संस्कृत व्याकरणात यालाच अपवाद आणि उत्सर्ग म्हणतात, आणि अपवाद नेहमी उत्सर्गाला बाजूला सारतो. शाळेत हे पाठ केलं होतं, वापरायची वेळ चाळिशीत आली.

आता हल्ली कोड एका भाषेतून दुसरीत नेऊन देणारी प्रचंड एआय मॉडेल्स आली आहेत आणि ती फार अस्खलित आहेत. मीही ती वापरते. पण त्यांनी दिलेल्या भाषांतराकडे बघताना मला अर्धविराम दाबावासा वाटतो. याच ओळीचा दुसरा अर्थ होत होता का? तो का सोडला? माझा भाषांतरकार लंगडा आहे, त्याचं जग एका तालुक्याएवढं आहे, पण प्रत्येक ओळ कुठल्या नियमाने आली हे तो दाखवू शकतो. ज्या हिशेबावर लोकांचे पैसे अवलंबून आहेत तिथे मला हे दाखवणं हवं असतं. अस्खलितपणावर मी समाधान मानू शकत नाही.

उलट दिशेला अर्धविराम दाबत राहिलं की काय होतं तेही सांगते. एका झाडाचा मजकूर मागितला. आला. अर्धविराम. तोच मजकूर, पण भोवती एक कंस. पुन्हा अर्धविराम. दोन कंस. मग तीन. थांबायचं नावच नाही, कारण कंसाने अर्थ बदलत नाही आणि व्याकरणात त्याला बंदी नाही. एकाच अर्थाला अगणित शब्दरूपं असतात आणि लिहिणाऱ्याने त्यातलं एक निवडलेलं असतं. ती निवड झाडात नसते. मोकळ्या जागा झाडात नसतात. आणि टिपा, म्हणजे कॉमेंट्स, त्याही नसतात. मजकूर वाचणाऱ्या तुकड्यातला माझा पहिलाच नियम होता: मोकळी जागा आणि कॉमेंट दिसली की ओलांडून पुढे जा.

तो नियम मी एका संध्याकाळी पुन्हा वाचला आणि मला ती दुसरी गोष्ट आठवली.

कोबोलमध्ये ओळीच्या सातव्या घरात फुली (*) असली की ती ओळ कॉमेंट. यंत्र ती वाचत नाही. आमच्या हत्यारानेही वाचली नव्हती. व्याजाच्या एका प्रोग्रॅममध्ये एक अट होती, महिना तिसरा नसेल तरच पुढची नोंद करायची. जावामध्ये अट आली, पण का ते आलं नाही. आमच्यातल्या एका मुलाला ती चूक वाटली. मी जुन्या कोडची छापील लिस्टिंग काढली, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो जोडकागद. अटीच्या वर फुलीची ओळ होती. मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, ‘मार्च – वी पोस्ट सेपरेटली’. खाली तीन आद्याक्षरं.

वी. हे वी म्हणजे कोण?

मीटिंगमध्ये सगळ्यांनी धरून चाललं की वी म्हणजे मुख्य कार्यालयातली माणसं. मार्चअखेरची नोंद ती हाताने वेगळी करत असणार, आपल्या कामाच्या बाहेरची गोष्ट. म्हणजे ‘आम्ही’. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे तेव्हा सांगता येत नव्हतं. त्या संस्थेच्या ईडीपी, म्हणजे संगणकाचं काम बघणाऱ्या, विभागात विचारत विचारत त्या आद्याक्षरांचा माणूस सापडला. निवृत्त होऊन साताऱ्याकडे राहायला गेले होते. मी फोन लावला, ओळख सांगितली, ओळ वाचून दाखवली.

“हो, माझीच आहे ती,” ते म्हणाले. “चालतंय का अजून ते?”

“चालतंय सर. मार्चची नोंद मुख्य कार्यालयातून करतात का?”

“नाही हो मॅडम. आपणच करतो की ती. वर्षअखेरीचा वेगळा जॉब आहे, वर्षातून एकदाच चालतो. बघा तुमच्या यादीत.”

आमच्या यादीत तो जॉब नव्हता. वर्षातून एका रात्री चालणारा प्रोग्रॅम आमच्या तीन महिन्यांच्या पाहणीत दिसलाच नव्हता. त्यांनी मला तो कुठल्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅमच्या साठ्यात, सापडेल ते सांगितलं, आणि ते सांगताना प्रत्येक वाक्यात ‘आपण’ म्हणत होते. आपण ते नाव असं ठेवलंय, आपण तिथे कापतो, राउंड करत नाही. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि मला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

माझ्या घरच्या भाषांतरकारात आता तो पहिला नियम राहिलेला नाही. कॉमेंट ही झाडावरची एक फांदी आहे, खालच्या ओळीला धरून असलेली, आणि ती जाताना बरोबर जाते, येताना बरोबर येते. तिच्यातल्या शब्दांचं भाषांतर मी करत नाही. फक्त त्यात ‘वी’ दिसलं, की प्रोग्रॅम थांबतो आणि कर्सर लुकलुकत राहतो.